आडवा बाण

सरांनी मला ओळखलं नाही. प्रयोगशाळेच्या खिडकीच्या पलीकडे उभं राहून त्यांनी पाकीट पुढे केलं, "मॅडम, नमुने इथेच द्यायचे ना?" असं विचारलं, आणि मी पाकीट घेत असताना माझ्या चेहऱ्याकडे, माझ्या हातांकडे आणि माझ्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे सारख्याच मायेने पाहिलं. म्हातारे झाले होते. मान पुढे आलेली, कोटाचे खांदे अंगापेक्षा रुंद, कानांतून पांढरे केस. आवाज मात्र तोच, न ओरडता सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. तो ऐकला आणि जिन्यावर अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं नि पायरी नसावी, तसं मला झालं. मी "हो, इथेच" एवढंच म्हटलं. गेल्या कित्येक वर्षांत या माणसाला सुनवायची म्हणून मी किती भाषणं तयार केली होती. आंघोळ करताना, भाजी चिरताना, बसथांब्यावर उभी असताना. प्रत्येक भाषणाच्या सुरुवातीला सर मला बघून चपापायचे, चष्मा काढायचे, पुसायचे. ते मला ओळखणारच नाहीत, ही शक्यता मी कधी धरलीच नव्हती. ज्या माणसाला मी रोज दाताखाली चावत होते, त्याच्या डोक्यात माझ्यासाठी खुंटीएवढीही जागा नव्हती. "जरा पाणी मिळेल का?" त्यांनी विचारलं. मी दिलं. ग्लास परत करताना ते "थँक्यू हं, ताई" म्हणाले आणि जिन्याचा कठडा धरत, एकेक पायरी चाचपत खाली गेले. ग्लासाच्या काठावर त्यांच्या ओठांचा ओला ठसा होता. मी तो ग्लास दोनदा विसळला आणि मग सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला. काचेचा होता, चांगला होता, पण टाकला.

पाकिटात ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पत्र्याचे तुकडे होते, अंगठ्याच्या नखाएवढे, आणि ते चौरस होते. बाई गं, अजून चौरस. आमचं काम समजायला अवघड नाही. गाड्यांची दारं आणि बॉनेट हल्ली या पत्र्याची करतात. पत्रा वरून गुळगुळीत, पण आत बारीक बारीक कण, आणि प्रत्येक कणात अणूंची घनाकार मांडणी, म्हणजे कण म्हणजे एकेक फासाच समजा. मिलच्या रोलरखालून पत्रा लाटला जातो, तापवला जातो, तेव्हा हे फासे वाटेल तसे पडत नाहीत. काही सपाट बसतात. काही कडेवर उभे राहतात, घराच्या छपरासारखे, आणि त्या छपराचं आढं, म्हणजे वरची कड, नेमकं पत्रा लाटल्याच्या दिशेने असतं. हे कडेवरचे फासे ओळीने जमले की पत्रा साच्यात ताणताना त्यावर रेघा उठतात, आणि रंग दिल्यावर नव्याकोऱ्या दारावर कुणी नखं ओढल्यासारखं दिसतं. कुठल्या जातीचे फासे किती, हे आम्ही मोजतो. तुकडा घासायचा, मग आणखी बारीक घासायचा, मग दिवसभर मंद थरथरणाऱ्या ताटलीत ठेवून द्यायचा, कारण पृष्ठभागावर एक ओरखडा राहिला तरी यंत्र आंधळं होतं. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात तो सत्तर अंशांत तिरका धरायचा. झोत त्यावर ठिपक्याठिपक्याने फिरतो, शेजारच्या पडद्यावर एकमेकांना छेदणारे उजळ पट्टे उमटतात, आणि त्यांवरून संगणक ओळखतो की या ठिपक्यातला फासा कसा पडलाय. प्रत्येक ठिपक्याला तो रंग देतो, आणि तासाभरात गोधडीसारखा रंगीत नकाशा तयार होतो. यंत्राला सगळं कळतं, फक्त पत्रा कुठल्या दिशेने लाटला तेवढं कळत नाही. ते माणसाने सांगायचं. म्हणून तुकड्याच्या पाठीवर सुईने बाण ओरखडायचा, लाटलं त्या दिशेला. तो बाण आडवा असला की यंत्र इमानेइतबारे खोटं बोलतं. सपाट फासे ते खोटं पकडून देत नाहीत, कारण सपाट फासा पाव फेरा फिरवला तरी दिसतो तसाच. कडेवरचे तेवढे पकडून देतात, पण त्यांच्याकडे नीट बघणारं कुणी हवं. म्हणून मी इथे आल्या आल्या नियम केला, चौरस कापायचा नाही. लांबट कापायचा, लांब बाजू लाटल्याच्या दिशेला, म्हणजे बाण पुसला, चुकला, तरी तुकडा स्वतः सांगतो. सर मात्र पहिल्यापासून चौरसच कापायचे. चौरस सुबक दिसतो म्हणून.

त्या वेळी मी त्यांच्या हाताखाली होते. पहिली नोकरी, पहिला पगार, सरांसारखा माणूस. त्यांनी स्वतः कापलेल्या, स्वतः बाण काढलेल्या एका तुकड्याचा नकाशा मी काढला आणि त्यात भलतेच फासे निघाले. कडेवर उभे, पण आढं आडवं. असे फासे कुणी पाहिले नव्हते. सर खुळावले. असा पत्रा रेघा न उठता ताणता येईल, हा शोध आहे, असं त्यांनी जाहीर करून टाकलं आणि भल्या मोठ्या सभेत तो नकाशा पडद्यावर लावला. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, नवे कपडे घालून. शेजारी बाबा होते. ते सेवानिवृत्त मुख्याध्यापक, मुलीचं नाव पडद्यावर बघायला खास आलेले. नकाशाखाली बारीक अक्षरांत माझं नाव होतं, आणि बाबांनी ते दोनदा बोट करून मला दाखवलं. मग पाठीमागून एक पाहुणे उठले आणि शांतपणे म्हणाले की हा शोध नाही, तुमचा नमुना नव्वद अंशांत फिरलाय. सभागृहात कुणीतरी हसलं. सरांनी पडद्याकडे पाहिलं, आणि एक श्वाससुद्धा मध्ये न घेता म्हणाले, "आमच्या प्रयोगशाळेतल्या मुलीने आडवा बसवलेला दिसतोय. नवीन आहे. सांभाळून घ्या." माझं नाव पडद्यावर होतंच, त्यामुळे कोण मुलगी हे विचारायची कुणाला गरज पडली नाही. लोक माना वळवून बघायला लागले. बाबांनी मांडीवरचा हात उचलून स्वतःच्या कपाळाला लावला. मला आजही सगळ्यात जास्त तो हात आठवतो, त्याच्यावरची फुगलेली शीर आणि घड्याळाचा सैल पट्टा.

दुसऱ्या दिवशी मी तो तुकडा यंत्रातून काढला आणि खिडकीतल्या तिरप्या उन्हात पाठ बघितली. रोलरने पत्र्यावर बारीक समांतर रेषा उठलेल्या असतात. समोरची बाजू घासली की त्या जातात, पाठीवर राहतात, पण उजेड कलता असेल तरच दिसतात. त्या रेषा एका दिशेला जात होत्या आणि सरांचा बाण त्यांना आडवा छेदून गेला होता. मी धावत त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी तुकडा हातातही घेतला नाही. "हे तू आधी बघायला हवं होतंस," ते म्हणाले आणि पुन्हा वाचायला लागले. घरी बाबांना दाखवला. त्यांनी तो चष्म्यापासून लांब धरला, जवळ धरला, आणि परत दिला. "यात काय दिसायचंय मला? एवढे मोठे गृहस्थ खोटं कशाला बोलतील? चूक झाली असेल तर मान्य करावी, त्यात कमीपणा नसतो." जन्मभर शाळेत त्यांनी गुरुजींच्या विरुद्ध पोराची बाजू कधी घेतली नव्हती, मग घरात तरी कशाला घेतील? प्रयोगशाळेत माझं नाव 'नव्वद' पडलं. नव्वद आली. नव्वद, चहा घेणार का? फोनवर: थांबा हं, नव्वदला देतो. लोक प्रेमानेच म्हणायचे, त्याचाच जास्त त्रास व्हायचा. वर्षभरात मी ती नोकरी सोडली, पुढची दोन ठिकाणं सोडली, कारण या धंद्यात माणसं थोडी आणि सगळ्यांना सगळं माहीत. ज्या कामांत नाव लागतं ती कामं मला कुणी दिली नाहीत. लग्न केलं नाही, पण त्याला सर कारण नाहीत. दिसेल ते दुसऱ्याच्या माथी मारायला मी काही सर नाही.

आणि बाबा तपासायला लागले. सुरुवातीला मला कळलंच नाही. मी दाराला कडी लावली की थोड्या वेळाने ते उठून जायचे आणि कडी हलवून बघायचे. गॅस बंद केला की स्वयंपाकघरात जाऊन बटण चाचपायचे. पत्रावर मी पत्ता लिहिला की तो ओठ हलवत वाचायचे. बोलायचे नाहीत. आई होती तेव्हा ती म्हणायची, "अहो, लावलीय तिने, बसा की." तरी उठायचेच. आई गेल्यावर आम्ही दोघंच राहिलो, मी तिरपा तुकडा यंत्रात बसवून, उतरवून, पुन्हा बसवून घरी यायचे आणि बाबा कडी बघायला उठायचे. आता ऐंशी उलटून गेली आहे त्यांची, भिंतीला हात लावत चालतात, काल काय खाल्लं ते आठवत नाही, पण रोज संध्याकाळी मी चपला काढेपर्यंत प्रश्न तयार असतो. "कडी लावलीस का नीट?" "लावली, बाबा." मग भिंत धरत, खोकत, दारापर्यंत जाऊन हलवून बघतात, आणि काही न बोलता परत येतात. इतक्या वर्षांत एकदाही कडी उघडी सापडलेली नाही. आणि तसं त्यांनी एकदाही बोलून दाखवलेलं नाही.

सर आता एका रोलिंग मिलचे सल्लागार होते. भांडण नेहमीचं होतं. गाडी कारखान्यात दारांवर रेघा उठत होत्या, म्हणून कारखाना पत्रा परत करायला निघाला होता. मिल म्हणत होती की आमचा पत्रा निर्दोष, तुमचे साचे वाईट. दोघांनी मिळून आमची प्रयोगशाळा तिऱ्हाईत म्हणून निवडली, आणि सरांनी स्वतः मिलमध्ये बसून तुकडे कापले, बाण काढले, आणि विश्वासू माणूस मिळत नाही म्हणून स्वतः आणून दिले. मी पहिला तुकडा उचलला आणि सवयीने टेबलाचा दिवा आडवा करून पाठ बघितली. रेषा एका दिशेला. बाण आडवा. मला वाटलं, माझेच डोळे मला हवं ते दाखवतायत. दुसरा उचलला. तोही. सगळेच्या सगळे. नजर गेली असेल, हात कापत असेल, किंवा पत्र्याची मोठी पट्टी टेबलावर फिरवून ठेवली असेल आणि त्यांच्या ध्यानात आलं नसेल. काहीही असो. मी तुकडे खाली ठेवले आणि हात धुऊन आले. मग खुर्चीत बसून हसले. दार लोटून घेतलं आणि चांगली पोटभर हसले. इतक्या वर्षांत देवाकडे मी जे जे मागितलं, त्यातलं हे पहिलं पदरात पडलं होतं, आणि तेही माझं बोटसुद्धा न लागता.

नियम असा आहे, आणि तो मीच लिहिलेला आहे: पाठीवरच्या रेषा आणि बाण जुळत नसतील तर काम थांबवायचं आणि ग्राहकाला विचारायचं. फोन शेजारीच होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि यंत्राच्या निर्वात पंपाची घरघर ऐकत बसले. मग तुकडा चिकटवला, त्यांच्या बाणाबरहुकूम, केसभरही इकडेतिकडे नाही. सत्तर अंशांत कलवला. पट्टे उमटले, ठिपके रंगायला लागले, आणि गोधडी ओळीओळीने खाली उतरत गेली. मी ओळखीच्या माणसाची वाट बघावी तशी वाट बघत होते. आले. कडेवर उभे, आढं आडवं, ओळीने जमलेले. त्या सभेतल्या पडद्यावरचे तेच फासे, तोच रंग. खरं तर हा पत्रा अगदी वाईट होता, रेघा उठवणाऱ्या फाशांनी भरलेला. पण सरांच्या बाणामुळे ते फासे भलत्याच जातीचे दिसत होते आणि वाईट जात कागदावर शून्य येत होती. सर खूश होणार होते, सगळ्यांसमोर छाती काढून सांगणार होते, आणि मग कुणीतरी उठणार होतं. आमचे साहेब डोकावून गेले. "काय, ठीक चाललंय?" "ग्राहकाच्या बाणाप्रमाणे मोजतेय," मी म्हटलं. "झकास," ते म्हणाले. अहवालात मी एक शब्दही खोटा लिहिला नाही. ते वाक्य मी मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं आणि प्रत्येक वेळी ते गोड लागलं. मला एवढंच पुरणार नव्हतं, हेही खरं. सर तोंडघशी पडावेत हे तर हवंच होतं, पण त्याहून मला त्यांचं ते जुनं वाक्य हवं होतं. इथल्या बाईने आडवा बसवलेला दिसतोय. ते त्यांनी पुन्हा म्हणावं, तसंच, श्वास न घेता. मग मी खिशातून त्यांचा तुकडा काढणार, पाठ वर करून टेबलावर ठेवणार आणि वर दिवा धरणार. जुना तुकडाही खिशात असणार होता. तो मी इतक्या घरांतून, इतक्या खणांतून सांभाळला होता, कापसात गुंडाळून, बायका बाळाचं जावळ जपून ठेवतात तसा.

बैठक आमच्याच वरच्या मजल्यावरच्या खोलीत झाली. लांब टेबल, चहाच्या किटलीचे जुने डाग. एका बाजूला मिलची माणसं आणि मधोमध सर, दुसऱ्या बाजूला गाडी कारखान्याचा एक मिशीवाला इंजिनिअर आणि त्याचे दोघं. आमचे साहेब टोकाला, आणि मी संगणकापाशी. सर बोलले, छान बोलले. "आकडे तुमच्यासमोर आहेत. ज्या कणांनी रेघा उठतात ते आमच्या पत्र्यात नाहीतच. आता साच्यांकडे बघा, एवढीच विनंती." मिशीवाला बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. बोल, मिशीवाल्या, बोल. शेवटी तो मिशीवरून बोट फिरवत म्हणाला, "असे आडवे कण कुठली मिल काढते हो? मी तर पाहिले नाहीत. मॅडम, हे जरा नव्वद अंशांत फिरवून दाखवता का?" संगणकात ते एका बटणाचं काम. मी बटण दाबलं, आणि वाईट जातीचा आकडा शून्यावरून चढत चढत असा वर गेला की मिलच्या एका माणसाच्या हातातला कप बशीवर वाजला. सगळे सरांकडे बघायला लागले. माझा हात खिशात होता. तुकड्याची कड बोटात रुतत होती.

"द्या बघू तो नमुना," सर म्हणाले. मी खिशातला नवा तुकडा दिला. त्यांनी तो उलटा केला, टेबलावरचा दिवा ओढून आडवा केला, डोळे बारीक केले, तुकडा फिरवला. मग हसले. "अहो, हा तर माझाच बाण आडवा. या बाईंनी बरोबर बसवलाय, मीच गाढवपणा केला. वय झालं, दुसरं काय." आणि झालं. एवढंच. मिशीवाला म्हणाला, "होतं सर, कुणाच्याही हातून होतं." आमचे साहेब म्हणाले, "चला, वेळेवर लक्षात आलं." मिलची माणसं पत्रा परत घ्यायला तिथल्या तिथे तयार झाली, कुणी चहा ओतला, खुर्च्या सैलावल्या. मी खिशात हात घालून तशीच बसून राहिले. ज्या चुकीसाठी मी अर्धं आयुष्य मोजलं होतं, ती चहाचा घोट थंड व्हायच्या आत माफ झाली होती. तिला वजनच नव्हतं. माझ्या अंगावर होती तेवढा काळच ती जड होती. आणि सर अजून बोलत होते, चांगले रंगात आले होते. "पूर्वी एकदा माझ्याकडून असंच झालं होतं. भर सभेत. तेव्हा काय, तरुण होतो, रग होती. प्रयोगशाळेत एक पोरगी होती, दिलं तिच्यावर ढकलून आणि झालो मोकळा. तिला नंतर सगळे काय बरं म्हणायचे..." सगळे हसायला लागले होते, समजूतदार, म्हाताऱ्या माणसासाठी हसतात तसं.

"नव्वद," मी म्हटलं.

"हां, नव्वद! तुम्हाला कसं..." ते म्हणाले, आणि थांबले. मी जुना तुकडा कापसातून काढून त्यांच्या बशीशेजारी ठेवला, पाठ वर करून, आणि दिवा त्याच्यावर वळवला. टेबलावर आधी हसू बंद झालं, मग चमचे. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. भाषणांमध्ये ते अगदी असंच करायचे, पण त्या वेळी मला काही गंमत वाटली नाही. "हा बाण माझा," ते हळू म्हणाले. "तू तेव्हा काही बोलली नाहीस." "बोलले होते. तुम्ही म्हणालात, आधी बघायला हवं होतंस." मी ओरखडायची सुई त्यांच्यापुढे ठेवली. "बरोबर बाण काढून द्या." आमचे साहेब खुर्चीतून अर्धवट उठले, "अहो, हे आत्ता..." म्हणाले, पण सरांनी सुई उचलली होती. सुई एकदा घसरली, टेबलावर उमटली. कुणी मदत केली नाही आणि मी तर नाहीच. त्या बारीक रेषांना धरून, जुन्या बाणाला छेदून, नवी रेघ रडतखडत तुकड्याच्या दुसऱ्या कडेला पोचली. "झालं?" त्यांनी विचारलं. "टोक राहिलं," मी म्हटलं. त्यांनी टोक काढलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, तहानेने जीव जात असताना पाणी मिळावं तसं बरं वाटलं, आणि ते संपूच नये असं वाटलं.

सुई ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, या खेपेला नीट, आणि त्या म्हाताऱ्या डोळ्यांत जुने सर क्षणभर जागे झाले. "या वेळी तरी पाठ बघितली असशीलच की तू. मोजायच्या आधी." सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, सभेत वळल्या होत्या तशाच. "बघितली होती," मी म्हटलं. "मग सांगितलं का नाहीस?" मी जुना तुकडा उचलून पुन्हा कापसात गुंडाळायला घेतला. त्यांनी मान हलवली, गणित सुटल्यासारखी, आणि थंड झालेला चहा पिऊन टाकला. आमच्या साहेबांचा चेहरा उतरला होता. खोली रिकामी होत असताना ते माझ्याजवळ आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या सकाळी जरा भेटा मला." कशाला, ते मला ठाऊक होतं. नियम माझाच होता. मी सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा मी जिना उतरताना विचार करून बघितला. फार काही झालं नसतं. सरांनी नवे तुकडे पाठवले असते, "थँक्यू हं, ताई" म्हटलं असतं. तेव्हा पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तसंच करीन, हे मला फाटकापर्यंत पोचायच्या आत पक्कं कळलं.

घरी पोचले तेव्हा अजून उजेड होता. खिडकीतून तिरपं ऊन बाबांच्या खुर्चीच्या हातावर पडलं होतं. मी आत आले, कडी लावली, चपला न काढताच त्यांच्यापुढे गेले आणि तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. "हे काय?" "तोच. ज्याच्यासाठी तुम्ही कपाळाला हात लावला होतात." मी त्यांना सगळं सांगितलं, सावकाश, सर आले इथपासून सरांनी बाण काढला इथपर्यंत. उन्हात दोन्ही बाण स्पष्ट दिसत होते, एकमेकांवर फुली मारल्यासारखे. बाबांनी तुकड्यावरून अंगठा फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी यायला निघालं, आणि मी दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. "सर बरे आहेत ना?" ते म्हणाले. "खूप थकले असतील आता. भला माणूस." तुकडा त्यांनी परत माझ्या हातात दिला, आणि त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. "कडी लावलीस का नीट?"

तेव्हा मला कळलं की मी इतकी वर्षं चुकीच्या माणसावर डोळा ठेवून होते. सरांनी एक वाक्य टाकलं आणि ते विसरून गेले. ते वाक्य रोज संध्याकाळी उठून, भिंत धरून, दारापर्यंत कुणी नेलं होतं? माझ्या अंगात काहीतरी शांत झालं, निर्वात पंप लागल्यावर यंत्राच्या पोटातली हवा निघून जाते तसं.

"नाही," मी म्हटलं. "नाही लावली."

त्यांनी दचकून पाहिलं. हे उत्तर त्यांना कधी मिळालंच नव्हतं. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते उठले. एरवी मी दंडाला धरून उठवते, आज धरलं नाही. भिंतीला तळवा लावला, एक पाऊल टाकलं, थांबून खोकले, पुन्हा एक टाकलं. कपाटापाशी भिंत संपते आणि मध्ये थोडी मोकळी जागा लागते, तिथे ते नेहमी माझा खांदा शोधतात. हात हवेत फिरला आणि पुन्हा खाली आला. मी जागची हलले नाही. मी बसले, त्यांच्याच खुर्चीत, अजून गरम असलेल्या. ते मोकळी जागा ओलांडून गेले, दारापाशी पोचले. कडी हाताला लागली. त्यांनी ती हलवली, पुन्हा हलवली, बोटांनी वरपासून खालपर्यंत चाचपली. ते माझ्याकडे पाठ करून उभे होते, आणि त्यांचा सदरा श्वासासरशी हलत होता.

"लावलेली आहे की," ते म्हणाले.

"काय?"

"कडी. लावलीयेस तू. नीट लावलीयेस."

"ऐकू नाही आलं," मी म्हटलं. "परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं.